चर्चा मंडळाची यादी : गावातला सभासद आणि बाहेरगावचा सभासद



गावोगाव ऊस चर्चा मंडळे काढावीत, आणि जेथे ती पूर्वी निघून बंद पडली तेथे पुन्हा उभी करावीत, अशी मागणी गटसभांतून नेहमी होते. मागणी रास्त आहे. मंडळ काढणे तसे अवघडही नाही. नारळ फुटतो, पहिल्या बैठकीला चाळीस-पन्नास माणसे जमतात. दुसरीला वीस येतात. सहाव्या बैठकीला सतरंजी अंथरणारा, गावचा चिटबॉय आणि मी असे तिघेच उरतो. मग "लोकांना गोडी नाही" असे म्हणून सगळे मोकळे होतात.

मला हे पटत नाही. एकरी चार टन ऊस जास्त निघणार असेल तर ते कोणाला नको आहे? मंडळ मोडते त्याची कारणे माझ्या मते दोन आहेत. मंडळात नेमके कोण आहे, कोण गेले, कोण नवीन आले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. आणि माणसे हलली की बैठकीची जागाही हलवावी लागते, ते हलवणे जमत नाही. विषय, व्याख्याते, चहापाणी या गोष्टी नंतरच्या. आजचा लेख या दोन गोष्टींपुरताच आहे.

चार बांधांवरच्या बाभळी

यादी म्हणजे कारकुनी काम, त्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी हुमणीचा विचार करावा.

हुमणीचा भुंगेरा वळवाच्या पावसानंतर जमिनीतून बाहेर निघतो. दिवस मावळला की तो बाभूळ, कडुनिंब, बोर अशा झाडांवर पाला खाण्यासाठी जमतो, तेथेच नर-मादीचे मिलन होते आणि एक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. त्या रात्री झाडाच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. ते दिवस हुकले, की ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, बेट हाताने उपटून येते, आणि तेव्हा पळापळ करून खर्च फार होतो व फळ थोडे मिळते.

आता हे काम एकट्याचे नाही. समजा, ओढ्याकाठच्या शिवारात वीस खातेदार आहेत. सोळांनी भुंगेरे गोळा केले. उरलेल्या चौघांपैकी एक पिंपरीला कंपनीत आहे, दुसरा मुंबईला मुलाकडे असतो, तिसरा वारला असून भावाभावांची वाटणी रखडली आहे, आणि चौथ्याने रान वाट्याने लावले आहे. त्या चार बांधांवरच्या बाभळी कोणी हलवल्या नाहीत. मग पुढे हुमणी सोळांच्याही उसात निघते, आणि ते सोळा जण म्हणतात, "चर्चा मंडळाचं ऐकून काय मिळालं?"

त्या चौघांना निरोप द्यायचा होता तर कोणाला द्यायचा? सातबारा सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे. कारखान्याची ऊस नोंद सांगते बिल कोणाच्या खात्यावर जाणार. रात्री दारे कोण धरतो, बेणे कोण निवडतो, पाचट पेटवायचे की सरीत ठेवायचे हे कोण ठरवतो, ते या दोन्ही कागदांवर नाही. चर्चा मंडळाला तर नेमका तोच माणूस पाहिजे.

पुण्याच्या रेडिओ मंडळांचा धडा

चर्चा मंडळ ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली साधारण वीस माणसे रेडिओभोवती बसून कार्यक्रम ऐकत, तो संपला की त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि ज्या शंका उरत त्या केंद्राला लिहून कळवीत. मूळ कल्पना कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालू होती व त्यांचे ब्रीद होते : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

पुण्याच्या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना केली गेली. मंडळाच्या गावांत शेतकऱ्यांची माहिती चांगलीच वाढली होती, लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र वाढ किरकोळ होती. म्हणजे फरक पडला तो रेडिओच्या पेटीने नव्हे, तर वीस ठरलेली माणसे ठरल्या वेळी एकत्र बसत होती त्याने.

पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारोंवर गेली. मग ट्रान्झिस्टर आले, ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या गोठ्यात वाजू लागला, आणि एकत्र बसण्याचे निमित्त गेले. कॅनडातील मंडळेसुद्धा १९६५ साली बंद झाली. ज्या पेटीच्या आधाराने मंडळ जमले होते, ती पेटी घरोघर गेल्यावर माणसांना पुन्हा कशाच्या आधाराने जमवायचे, याचा विचार अगोदर झालेला नव्हता असे मला वाटते. आजही हाच धोका आहे. हवामान, बाजारभाव, औषधाचे प्रमाण हे सगळे ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलवर मिळते. पण शेजारच्या बांधावरची बाभूळ मोबाइल हलवीत नाही.

शिवथर खोऱ्यातली रीत

माणसे पांगली तरी मंडळ टिकवायचे कसे, हे पाहायचे असेल तर वरंधा घाट उतरून खाली जावे. महाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी शिवथर खोरे आहे. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही तिथली गावे. आपल्याकडचे बरेच लोक शिवथरघळीच्या दर्शनाला जातात, धबधबा पाहतात, प्रसाद घेऊन परत येतात. माझे आजोळ त्या खोऱ्यातले असल्यामुळे मी घळीपेक्षा वाडीवर जास्त राहिलो आहे.

तिकडे ऊस नाही. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पाऊस धो-धो पडतो, आणि शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसतो. त्यामुळे महाड-पोलादपूरची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली. परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी या गिरणगावातल्या चाळींत गावाच्या नावाने खोली असे. एका खोलीत गावची दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त माणसे राहत. पाळी सुटलेला झोपायचा, पाळीवर जाणारा उठायचा. गावाचे मंडळ त्याच खोलीत भरे. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाण्याची टाकी, कोणाचे आजारपण, भावकीतले तंटे, सगळ्याची चर्चा तिथे. गावात ग्रामस्थ मंडळ आणि मुंबईत मुंबई मंडळ, अशी दोन तोंडे असली तरी गाव एकच.

यात शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे वर्गणी माणशी नसते, चुलीमागे असते. चूल मांडलेली आहे तोवर ते घर मंडळात आहे. मग घरचा कर्ता माणूस गावात असो, लालबागला असो नाहीतर डोंबिवलीला. थोरला वारला तर चुलीचे नाव खोडले जात नाही, धाकटा पुढे येतो. भाऊ वेगळे झाले, दुसरी चूल मांडली, की दुसरे नाव लागते. चूल मोजायला सोपी आणि नाकारायला अवघड. एखाद्याने दोन वर्षे वर्गणी दिली नाही म्हणून त्याला काढून टाकल्याचे मी तिकडे ऐकलेले नाही. बाकी म्हणून नावापुढे राहते, आणि शिमग्याला पालखी दारात यायच्या आत ती बाकी बहुधा फिटते. (आपल्या पाणीपुरवठा संस्थांनी हे पाहण्यासारखे आहे.)

दुसरी गोष्ट जास्त कठीण. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तसे गिरणगाव रिकामे होऊ लागले. कोणी गावी परतले, कोणी डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार, तर कोणी पनवेलच्या बाजूला घरे घेतली. मंडळाची बैठक मात्र लालबागच्या खोलीतच. विरारचा माणूस रविवारी दोन गाड्या बदलून यायचा, एक महिना, दोन महिने, मग येणे बंद.

आमच्या आजोळच्या वाडीच्या मंडळात तेव्हा फूट पडली होती, असे मामा सांगतात. डोंबिवलीकरांनी आपली वेगळी बैठक सुरू केली. ते एक वेळ चालले असते, पण त्यांनी पावती पुस्तकही वेगळे छापले. गावात एकाच चुलीकडे दोन पावत्या आल्या. काहींनी दोन्हीकडे नाही म्हटले. वाडीची पाण्याची टाकी त्या भांडणात अर्धवट राहिली, आणि बायकांना दोन उन्हाळे खालच्या वाडीवरून डोक्यावर पाणी आणावे लागले. मंडळाची यादी म्हणजे कारकुनी काम म्हणणाऱ्यांनी त्या बायकांना विचारावे.

शेवटी मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी आले असता देवळात बैठक बसली. ठरले ते असे. यादी एकच, ती गावात राहील, मुंबईत तिची नक्कल. पावती पुस्तक एकच. बैठक एक महिना लालबागला, एक महिना डोंबिवलीला, आणि कोणत्या महिन्यात कोठे ते वर्षाच्या सुरुवातीलाच छापून सर्वांना द्यायचे. असे दोन वर्षे चालले. तोवर लालबागला राहणारेच इतके कमी झाले, की लालबागची बैठक बंद करण्याचा ठराव लालबागकरांनीच मांडला. ज्यांना जागा सोडायची होती त्यांच्याच तोंडून तो निघाला, म्हणून कोणी रुसले नाही.

घर कोठे आणि माणूस कोठे याची नोंद किती मोलाची असते, हे त्याच महाड तालुक्याने २०२१ साली पाहिले. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी ढिगाऱ्यापाशी उभे असलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, आज घरी कोण होते आणि मुंबईला कोण होते. मतदार यादी किंवा शिधापत्रिका याचे उत्तर देत नाही. ते शेजाऱ्याला माहीत असते, आणि शेजारीही त्यात गेला तर कोणालाच नाही.

आपल्या मंडळाच्या यादीत कोण?

आता घाट चढून वर येऊ. आपल्याकडे चुलीऐवजी उसाचे रान धरावे असे मी सुचवतो. गट नंबरवार एक पान करावे. पहिल्या रकान्यात खातेदाराचे नाव, दुसऱ्यात प्रत्यक्ष ऊस कोण सांभाळतो त्याचे किंवा तिचे नाव, तिसऱ्यात बाहेरगावी असणाऱ्याचा पत्ता व मोबाइल क्रमांक, चौथ्यात लागणीची तारीख, जात आणि खोडवा कितवा. एवढे पुरे. रकाने वाढवले की वही भरली जात नाही, हा सगळ्याच खात्यांचा अनुभव आहे.

दुसऱ्या रकान्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. पुष्कळ घरी मालक नोकरीला बाहेर असतो आणि ऊस त्याची बायको किंवा आई सांभाळते. मजूर सांगणे, खताची गाडी उतरवून घेणे, तोडीच्या वेळी टोळीच्या मुकादमाशी बोलणे हे सगळे तीच करते. बैठकीचा निरोप मात्र मालकाला, आणि मालक पुण्यात. तेव्हा दुसऱ्या रकान्यात तिचे नाव तिच्याच नावाने लिहावे. अमक्याची मंडळी असे नको. आणि बैठक रात्री नऊला पारावर ठेवली तर ती येणार नाही, दुपारी शाळेत किंवा सोसायटीच्या खोलीत ठेवली तर येईल.

वाटेकऱ्याचे नाव लिहायला मालक कचरतात. उद्या हा कूळ म्हणून उभा राहील, ही भीती मनात असते. ती भीती समजण्यासारखी आहे, पण येथे गैरलागू आहे. चर्चा मंडळाची वही हा महसुली कागद नाही, तिने जमिनीत कोणाचा हक्क तयार होत नाही आणि कोणाचा जातही नाही. पीकपाहणी वेगळी, ही वही वेगळी. तरीही मनात किंतु राहू नये म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे : ही यादी फक्त बैठकीच्या निरोपासाठी आहे. वाटेकऱ्याला बैठकीपासून दूर ठेवून नुकसान मालकाचेच होते. बेणेप्रक्रिया त्याने ऐकली नाही, तर ती तुमच्या रानात होणार नाही.

बाहेर गेलेल्याचे नाव खोडू नये. तो येत नाही म्हणून नाव कापले, की पुढे तो परत आला तरी पारापाशी थांबतो, आत येत नाही. वहीच्या शेवटी "बाहेरगावी" म्हणून चार पाने ठेवावीत, नाव तिकडे न्यावे, आणि वर्षातून दोनदा, लागणीच्या आधी आणि गाळप सुरू होण्याच्या आधी, त्याला फोन किंवा पत्र जावे. दिवाळीला, जत्रेला तो गावी येतो, तेव्हा एक बैठक त्याच्या सोयीने ठेवावी. वर्षाची एकच पण भरलेली बैठक बारा रिकाम्या बैठकांपेक्षा कामाची असते.

नाव खोडण्याची वेळ एकाच प्रसंगी येते. जो बैठकीत दुसऱ्याला बोलू देत नाही, प्रत्येक विषय निवडणुकीवर नेतो, त्याला दोनदा समजवावे, तिसऱ्यांदा अध्यक्षांनी सर्वांसमक्ष सांगावे. पाठीमागे नाव कापून निरोप बंद करणे हा मार्ग मला पसंत नाही. त्याने मंडळाचे दोन तुकडे होतात आणि दोघांनाही चर्चा मंडळ असेच नाव राहते.

बैठकीची जागा हलवताना

वस्त्या वाढल्या आहेत. पूर्वी सगळे गावठाणात राहत, आता निम्मे सभासद मळ्यात राहायला गेले. पारावरची बैठक मळेकऱ्यांना लांब पडते. कोठे गट ऑफिसची इमारत बदलली, कोठे दोन छोटी मंडळे एकत्र करावी लागतात. अशा वेळी अध्यक्षांनी परस्पर जागा बदलू नये. एका बैठकीत विषय मांडावा, पुढच्या बैठकीत ठरवावे, मधल्या महिन्यात न आलेल्यांना कळवावे. ठरल्यावर निदान एक हंगाम आलटून पालटून दोन्हीकडे बसावे. जुन्या जागेच्या फळ्यावर नव्या जागेचा निरोप गाळप संपेपर्यंत राहू द्यावा. आणि वही नव्या जागी न्यायच्या आधी चिटबॉय व मंडळाचे चिटणीस यांनी जुन्या यादीतील प्रत्येक नाव वाचून, हा कोठे आहे, याला कोणी सांगितले, असे विचारत जावे. ज्याच्या नावावर सगळे गप्प बसतात, त्याच्या घरी माणूस पाठवावा.

दोन मंडळे एकत्र होत असतील तर एक लहानशी गोष्ट पाळावी. नावाला आणि अध्यक्षपदाला फार वेळ देऊ नये, पण दोन्ही जुन्या वह्या जपून ठेवाव्यात. कोणाच्या रानात कोणत्या साली हुमणी होती, कोणत्या रानात को ८६०३२ चा खोडवा चांगला फुटला, हे त्या वह्यांत असते आणि दुसरीकडे कोठेही नसते.

भागाची नोंद निराळी

शेवटी एक खुलासा, कारण या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. चर्चा मंडळाच्या यादीत नाव असले म्हणून कोणी कारखान्याचा सभासद होत नाही, आणि नसले म्हणून कोणाचे सभासदत्व जात नाही. कारखान्याची सभासद नोंदवही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे ठेवली जाते. भाग कितीही असोत, मत एकच. सभासद वारल्यावर त्याचा भाग ज्याचे नामनिर्देशन केले असेल त्याच्याकडे जातो, नामनिर्देशन नसेल तर वारसाकडे. आणि वारस ठरवण्यात भावाभावांची वर्षे जातात. तोवर त्या घराचे मत पडत नाही, वार्षिक सभेची नोटीस मयताच्या नावाने येते आणि पोस्टमन ती परत नेतो.

म्हणून चर्चा मंडळाच्या पहिल्या बैठकीत, यादी भरतानाच, प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत : भाग दाखल्यावर नाव कोणाचे आहे, आणि नामनिर्देशन केले आहे का. ज्यांच्या दाखल्यावर वडिलांचे किंवा आजोबांचे नाव आहे, त्यांनी मूळ भाग दाखला, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे घेऊन शेअर विभागात यावे. दाखला गहाळ झाला असेल तर तसे सांगावे, त्याचीही रीत आहे. जे बाहेरगावी आहेत त्यांनी पत्ता बदलल्याचा साधा अर्ज गट ऑफिसात दिला तरी चालतो, तो आम्ही पुढे पाठवतो. चर्चा मंडळाच्या वहीचा नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. वळवाचा पाऊस पडायच्या आत ओढ्याकाठच्या शिवारांची पाने भरून झाली, तर यंदा भुंगेरे गोळा करण्याच्या रात्री त्या चार बांधांवर कोणाला पाठवायचे ते ठरवता येईल.